पी-व्हॅल्यू किती यायला पाहिजे?

नवी तुकडी सुरू झाली की पहिल्या-दुसऱ्या वर्गातच कुणीतरी माइक चालू करून विचारतं, "मॅडम, पी-व्हॅल्यू किती यायला पाहिजे?" विचारणारा कधी बुटीबोरीत फॉर्म्युलेशनचं काम करणारा असतो, कधी वाळूजच्या गुणवत्ता विभागातला, कधी हैदराबादेत क्लिनिकल ट्रायलच्या नोंदी तपासणारी मुलगी असते. गावं मात्र बरीचशी आमच्याच जिल्ह्यातली: पुसद, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा, वणी. औषध उद्योगात संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम केल्यावर आता मी यवतमाळला बसून या लोकांना पडद्यावरून शिकवते. ज्यांचा पेशा संख्याशास्त्र नाही, पण ज्यांच्या सहीशिवाय औषधाची बॅच बाहेर पडत नाही, अशी ही माणसं आहेत. खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. पण निष्कर्ष आधीच ठरलेला आहे, आकड्यानं त्यावर फक्त शिक्का मारायचा, ही समजूत त्या पहिल्या प्रश्नामागे असते. ती मोडणं हे माझ्या कामातलं मुख्य काम आहे.

दोष त्यांचा नाही. बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात जीवसंख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हा विषय येतो थेट आठव्या सत्रात. तोवर मुलांचं लक्ष मुलाखतींकडे लागलेलं असतं. सूत्रं पाठ होतात, परीक्षा होते, आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या ऑडिटमध्ये प्रश्न येतो की ही मर्यादा तुम्ही कशावरून ठरवलीत? तेव्हा सूत्र आठवूनही उपयोग होत नाही.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज जैवसमतुल्यतेचा, म्हणजे आपलं औषध रक्तात मूळ औषधासारखंच पोचतं हे दाखवण्याचा. जेनेरिक औषधांवर उभ्या असलेल्या आपल्या उद्योगाचा तो पायाच आहे, म्हणून मी त्यावर वाटेल तेवढा वेळ घालवते. समजा २४ निरोगी स्वयंसेवक आहेत. प्रत्येकानं एकदा मूळ औषध घ्यायचं, मध्ये पुरेसे दिवस जाऊ द्यायचे, मग आपलं औषध घ्यायचं. कुणी आधी काय घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवायचं. रक्तातली कमाल पातळी आणि एकूण शोषण मोजायचं. चाचणीत दोन औषधांत लक्षणीय फरक, म्हणजे ०.०५ च्या खालची पी-व्हॅल्यू, आढळला नाही. औषधं सारखी ठरली का? वर्गातले बहुतेक जण हो म्हणतात.

उत्तर नाही असं आहे. आपल्या औषधाचं मूळ औषधाशी गुणोत्तर १०६ टक्के आलं आणि त्याचा ९० टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरं गुणोत्तर जिथे असावं तो पट्टा, ८६ ते १३१ असा पसरला, तर फरक लक्षणीय नाही, तरीही औषध नापास. नियम असा की तो अख्खा अंतराल ८० ते १२५ च्या आत बसला पाहिजे. उलट अंतराल ९० ते ९६ आला, तर फरक लक्षणीय आहे, कारण १०० त्याच्या बाहेर राहिला. तरीही औषध पास, कारण तो फरक रुग्णाच्या दृष्टीनं चालण्याजोगा आहे असं आधीच मान्य केलेलं आहे. फरक सापडला नाही, एवढ्यावरून फरक नाही असं ठरत नाही. थोडी माणसं घेतली आणि मोजमाप ढिसाळ केलं की कुठलाच फरक सापडत नाही. मग ढिसाळपणाच बक्षीसपात्र ठरेल. अमेरिकेच्या एफडीएतल्या डोनाल्ड शुअरमन यांनी १९८७ च्या निबंधात दोन एकतर्फी चाचण्यांची पद्धत (गुणोत्तर खालच्या मर्यादेच्या वर आहे का आणि वरच्या मर्यादेच्या खाली आहे का, हे वेगवेगळं तपासणारी) जुन्या रीतीशी ताडून पाहिली, आणि आज जगभर तीच वापरात आहे. आणि १२५ च का, १२० का नाही? कारण हिशोब गुणोत्तराचा आहे: एकाला ०.८ नं भागलं की १.२५. हे कळल्यावर ती मर्यादा पाठ करावी लागत नाही.

प्रत्येक माणसाला दोन्ही औषधं का द्यायची, हेही इथेच उलगडतं. दोन माणसांमधला फरक वेगळा आणि एकाच माणसात दिवसागणिक होणारा चढउतार वेगळा; माणसाची त्याच्याशीच तुलना केली की पहिला बाजूला पडतो. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हाच भेद आहाराच्या बाबतीत आयुष्याच्या उत्तरार्धात हिरिरीनं मांडला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात आले. एका दिवसाचं खाणं सरासरी गरजेशी ताडून कुणाला कुपोषित ठरवू नका, कारण त्याच माणसाचा आहार आणि ऊर्जेचा खर्च मुळातच बदलता असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर मोठा वाद झाला, त्यातून निघणाऱ्या धोरणांवर टीका झाली आणि ती टीका मला बरीचशी पटते. पण माणसातला चढउतार मोजल्याशिवाय सरासरीशी तुलना करू नये, हा मुद्दा आजही टिकून आहे.

सुखात्मे आमच्या वर्गात आणखी एका कारणानं येतात. वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी शेती संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेनं ते १९५४ साली काढलं. पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करत होते. ज्यांना गणिती व्हायचं नाही पण प्रयोग नीट करायचा आहे, अशा माणसांसाठी लिहिलेलं हे पुस्तक कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. संख्याशास्त्र दुसऱ्या पेशातल्या माणसाला शिकवण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती कापसाच्या वावरातून आलेली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेतातला एक तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज घेण्यात, यादृच्छिक निवड देशभर रुजवण्यातही या दोघांचा वाटा मोठा. पीकविम्यामुळे हा प्रयोग आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. कापणीचा तुकडा धुऱ्याजवळच्या पायवाटेवरून सोईनं निवडायचा नाही, आणि पऱ्हाटी जोमात आहे तिथेही निवडायचा नाही. ठरलेल्या रीतीनं आकडा निघेल तिथेच खुंटी ठोकायची. ब्लेंडरमधून मिश्रणाचा नमुना काढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला मी एवढंच विचारते, "तुम्ही झाकणाजवळून सोपं पडतं म्हणून काढता, की ठरलेल्या जागांवरून?" शेतकऱ्याच्या घरातली मुलं यावर लगेच सावध होतात. एकाच वावरात वर बरड आणि खाली काळी भारी जमीन असते, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

उद्योगाचं आणि या शास्त्राचं नातंही जुनं आहे. 'स्टुडंट' या टोपणनावानं १९०८ साली टी-चाचणीचा पाया घालणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला होता. त्याला थोड्याच नमुन्यांवर निर्णय घ्यावे लागत, म्हणून त्यानं ही पद्धत शोधली. त्या निबंधातलं पहिलं उदाहरण मात्र औषधाचं आहे: झोपेची औषधं, दहा रुग्ण, एका औषधानं झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्यानं २.३३ तास. या दहा रुग्णांचे आकडे मी दरवेळी वर्गात हातानं मांडायला लावते. सॉफ्टवेअर नंतर.

दहा हा आकडा कारखान्यातही भेटतो. अमेरिकी औषधकोशाप्रमाणे गोळ्यांतल्या औषधाचा एकसारखेपणा तपासताना आधी दहा गोळ्या घेतात. समजा दोन बॅचेस आहेत, दोन्हींची सरासरी ९८ टक्के. एकीचं प्रमाण विचलन ४, दुसरीचं ६.५. विचलनाला २.४ नं गुणायचं आणि सरासरी ९८.५ च्या खाली जेवढी आहे तेवढं, म्हणजे ०.५, त्यात मिळवायचं. पहिली बॅच १०.१ वर थांबते, दुसरी १६.१ वर जाते. मर्यादा १५. दुसरी अडकली, आता आणखी २० गोळ्या तपासा. सरासरी सारखीच होती. रुग्ण सरासरी गोळी घेत नाही, त्याच्या हातात येईल ती गोळी घेतो.

आमच्या भागासाठी मी मुद्दाम निवडलेला अभ्यास सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा आहे. विदर्भात हा आजार किती घरांत आहे, हे वेगळं सांगायला नको. वर्गात कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी मामेबहीण असतेच. हायड्रॉक्सियुरिया या औषधाची अमेरिका-कॅनडातली मोठी चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली: २९९ प्रौढ रुग्ण, १५२ औषधावर, १४७ नुसत्या दिखाऊ गोळीवर. वेदनेच्या तीव्र झटक्यांचा वर्षाचा मध्यक दिखाऊ गोळीवर ४.५ होता, औषधावर २.५. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधी थांबवली. मी आधी विचारते, इथे सरासरी न देता मध्यक, म्हणजे रांगेत मधोमध येणारा आकडा, का दिला असेल? मग कुणीतरी सांगतं, "आमच्या शेजारच्या मुलाला वर्षभर काहीच होत नाही, आणि त्याच्या बहिणीला दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं." उत्तर आलं. मोजक्या रुग्णांचे पुष्कळ झटके सरासरीला ओढून नेतात.

त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड असतो. त्या चाचणीतले रुग्ण मुख्यतः आफ्रिकी वंशाचे. आपल्याकडचा सिकल जनुकाचा प्रकार अरब-भारतीय, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन साधारणपणे जास्त राहतं. मग ४.५ च्या जागी २.५ हा फायदा आमच्या कळंबच्या मुलीला जसाच्या तसा लागू पडेल का? औषध उपयोगी आहे, आपल्याकडेही दिलं जातं. पण चाचणीत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे पी-व्हॅल्यू सांगत नाही. ते विचारणारा माणूस टेबलाशी बसलेला असावा लागतो, आणि तो संख्याशास्त्रज्ञच असला पाहिजे असं मुळीच नाही.

औषध-दक्षतेत, म्हणजे दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामात असणाऱ्यांसाठी छेदाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: एकूण किती जणांपैकी? २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमात दुष्परिणामांच्या नोंदी येतात, पण औषध एकूण किती जणांनी घेतलं ते नोंदीत नसतं. हीच अडचण औषधाबाहेरही दिसते. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दाखल झालेल्यांची यादी होती. कुणी काय मिसळलं, किती तास फवारलं, तेच फवारून कितीजण धडधाकट घरी गेले, याची यादी नव्हती. नुसत्या अंशावर कुठल्या एका द्रव्याचा धोका मोजता येत नाही. म्हणून नोंद करणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून छेदाचा माग ठेवायला हवा.

ऑनलाइन शिक्षणाबद्दल माझं मत ठाम आहे. नुसते व्हिडिओ आणि शेवटी बहुपर्यायी चाचणी, यातून प्रमाणपत्र मिळतं, दृष्टी मिळत नाही. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय रोगपरिस्थितिविज्ञान संस्थेचा संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम ऑनलाइन करावा लागतो. तो चांगला आहे, त्यानं पाया तयार होतो. पण त्यानंतर प्रत्यक्ष बोलण्याची जागा लागते. आमच्या वर्गात प्रत्येकानं स्वतःच्या कामातले आकडे आणायचे, उत्पादनाचं नाव आणि बॅच क्रमांक पुसून. बोलणं मराठीत, ब्लेंडर, डिसोल्यूशन, ऑडिट हे शब्द कारखान्यात बोलतात तसेच.

आणि पडद्याचा एक फायदा फळ्याला कधीच मिळाला नसता. वीसजणांनी आपापल्या संगणकावर एकाच काल्पनिक बॅचमधून दहा-दहा गोळ्यांचे दोन नमुने काढायचे आणि त्यांची तुलना करायची. दोन्ही नमुने त्याच बॅचमधले, खरा फरक शून्य. तरी वीसात सरासरी एकाची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते. ज्याची येते तो हरखून सांगतो, आणि मग बाकीचे त्याला समजावतात. नापास नमुना पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहणं का गैर आहे, हेही याच खेळातून कळतं. बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात १९९३ साली अमेरिकी न्यायालयानं ही रीत अमान्य केली. एका तपासणीत पास व्हायची शक्यता २० टक्के असलेली बॅच तीनदा तपासली, तर निदान एकदा पास व्हायची शक्यता जवळजवळ ४९ टक्के होते.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. यवतमाळ आणि पुसदच्या फार्मसी महाविद्यालयांत हा विषय दुसऱ्या वर्षी, प्रयोगशाळेतल्या पहिल्या गोळीसोबत यावा. आणि कंपन्यांनी हे प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्यावं. आज माझे विद्यार्थी रात्री नऊला बसतात, बारा तासांची पाळी संपवून, कुणी वसतिगृहाच्या जिन्यात नेटवर्क शोधत. ज्या आकड्यावर हजारो लोकांची गोळी अवलंबून आहे, तो वाचायला शिकण्यासाठी त्यांना दिवसातला एक तास मिळायला हवा.