डोंगरात वाचलेला दर्या

मराठी कवितेत समुद्र पुष्कळ आहे. संतांनी संसारालाच भवसागर म्हटले आणि पैलतीराची ओढ लावली. सावरकरांनी १९०९ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरून सागराला मायभूमीकडे परत नेण्याची विनवणी केली. पण समुद्राच्या नजरेला नजर देऊन त्यालाच लहान ठरवणारी कविता म्हटली की कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' आठवते. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या 'विशाखा' संग्रहातली ही कविता. शाळेत पाठ केलेली माणसे आजही तिचा शेवट आवाज चढवून म्हणतात.

आम्ही कोकणातल्या खाडीकाठचे. आमच्या घरात समुद्राला सागर कुणी म्हणत नसे, तो दर्या. वडीलधारी माणसे दर्याचे नाव अदबीने घेत, कारण घरातली रोजीरोटी त्याच्यावर आणि घरातली काळजीही त्याच्यामुळेच. पुढे शिक्षकाच्या नोकरीने आम्हाला पोशेऱ्यात आणले. पोशेरा हे मोखाडा तालुक्यातले डोंगराळ गाव. तेव्हा जिल्हा ठाणे होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर झाला. डहाणू-वसईचा किनारा आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर आज एकाच जिल्ह्यात आहेत. तरी आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांना ठाऊक असलेला सागर एकच, मोडकसागर. म्हणजे मुंबईला पाणी पुरवणारे वैतरणेवरचे धरण. अशा मुलांपुढे ही कविता शिकवायची होती, आणि शिकवता शिकवता ती आम्हालाच नव्याने कळत गेली.

कवितेचा विषय वरवर पाहता सोपा आहे. तुफानात सापडलेले जहाज, घाबरलेले खलाशी आणि माघार न घेणारा कप्तान. खरा आशय मात्र माणसाच्या आकांक्षेचा आहे. समुद्र कितीही अफाट असला तरी त्याला कुठेतरी हद्द आहे, माणसाच्या ध्येयाला ती नाही, असा कवितेचा दावा आहे. तो पटवण्यासाठी कवी सूर तीनदा बदलतो. सुरुवातीला कप्तान समुद्राशी बोलतो. काय धिंगाणा घालायचा तो घाल, असे त्याला खुले आव्हान देतो. मग तो सोबत्यांकडे वळतो. इथे आवाज वडीलभावाचा होतो. धीर देणारा आणि थोडा रागावणारा. शेवटी तो समुद्राला निरोप धाडतो, पण सोबत्यांच्या तोंडून. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. गर्वाचे शेवटचे शब्द एकट्या कप्तानाचे राहत नाहीत, भ्यालेल्या खलाशांना ते उच्चारावे लागतात. ते उच्चारताना त्यांची भीती मोडावी, हाच त्यामागचा हेतू. म्हणजे या गर्वाच्या पोटात भीती आहे. ती ओळखली नाही तर कविता नुसती डरकाळी वाटते.

आता प्रतिमांकडे येऊ. कवी लाटांना पाण्याचे पर्वत म्हणतो. किनाऱ्यावर वाढलेल्या आम्हाला या रूपकातले पाणी माहीत होते, पर्वत कल्पनेने उभा करावा लागे. पोशेऱ्यातल्या मुलांचे उलटे होते. पर्वत त्यांच्या दारात होता, त्याचे पाणी करायचे होते. एक मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सर, हा डोंगर हलायला लागला तर?" रूपक समजावण्यासाठी आम्ही तयार केलेले सगळे टिपण त्या एका प्रश्नापुढे फिके पडले. रूपकाला दोन टोके असतात. ज्याच्या हाती जे टोक असेल तिथून त्याने ते धरावे.

दुसरी प्रतिमा गवताची. कोट्यवधी जीव गवताच्या पात्यांसारखे जगतात आणि मरतात, आपण दर्यावर्दी मात्र वेगळे, असे कप्तान म्हणतो. इथे गवत म्हणजे क्षुद्रपणा. आमच्या वर्गाला हे पटेना. गवत तर दरवर्षी पुन्हा उगवते, मुले म्हणाली. त्यांच्या घरांच्या छपरांवर गवत, गुरांपुढे गवत. याच ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ साली गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला होता, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गवतासाठी लाठ्यागोळ्या सोसल्या, त्यांना गवताचे पाते क्षुद्र कसे वाटावे? उपमा चुकीची नव्हे. ती जहाजाच्या डेकवरून दिलेली आहे, डोंगराच्या उतारावरून नव्हे, एवढेच.

तिसरी प्रतिमा आम्हा मुस्लिम वाचकांना जास्त जवळची. कवीला तुफान पाहून स्वर्गातून कोसळलेला, सूड उगवायला निघालेला सैतान आठवतो, आणि त्याच्या जोडीला वेताळांचा मेळा. अरबी सैतान आणि आपल्या गावकुसाबाहेरचा वेताळ एकाच लाटेवर नाचतात. याच कवितेत दरिया आहे, खलाशी आहे, निशाण आहे, माथ्यावर सात आभाळे आहेत. आणि ज्या शब्दावर साऱ्या कवितेचा भार येतो तो किनाराही फारसीतूनच आलेला. मराठीचा समुद्र अरबी-फारसी शब्दांवाचून हलतच नाही. बंदर, लंगर, सुकाणू, नाखवा, तुफान या शब्दांना कुणी परके म्हणत नाही. 'तुमची मातृभाषा मराठी कशी?' असे आम्हाला अजूनही विचारले जाते. तेव्हा आम्ही ही कविता पुढे करतो.

पण सैतानापाशी आम्ही जरा जास्त वेळ थांबलो. इब्लिस का कोसळला? गर्वामुळे. मी आगीचा, हा मातीचा, असे म्हणून तो आदमपुढे झुकला नाही. आणि कवितेच्या शीर्षकातच गर्व आहे! पदच्युत झालेल्या गर्विष्ठाला हिणवणारा कप्तान स्वतः गर्वानेच बोलतो. कुराणशरीफातही समुद्र अपुरा पडतो. तिथे तो शाई होतो आणि अल्लाहचे शब्द लिहिता लिहिता आटतो, पण शब्द संपत नाहीत. दोन्हीकडे समुद्र लहान. एकीकडे माणसाच्या आकांक्षेपुढे, दुसरीकडे ईश्वराच्या कलामापुढे. एका प्रतिमेने माणूस ताठ होतो, दुसरीने नमतो.

कोलंबसाच्याच काळात इब्न माजिद हा अरबी नाखुदा होऊन गेला. त्याने नौकानयनाचे इल्म पद्यात बांधले, म्हणजे खलाशांना ते पाठ राहावे. वारा, तारे, बंदरे आणि मोसम हे त्याचे विषय. त्याच अरबी मोसमावरून युरोपीयांचा मान्सून आला, आणि मान्सूनच्या पाठीवर बसून दर्या दर जूनला पोशेऱ्यात येतो. नद्या-ओहोळांवाटे वैतरणेला मिळून तो परत जातो. वाटेत धरणात अडतो आणि मुंबईच्या नळाला लागतो. उन्हाळ्यात मोखाड्यातल्या बायाबापड्या मात्र हंडे घेऊन पाणी शोधत फिरतात. सागर हा शब्द त्यांच्याकडून ऐकला की त्याचा अर्थ बदलतो.

हे सारे बोलून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, बोट जिथे लागली तिथे कोण होतं?"

या प्रश्नाचे उत्तर कवितेत नाही, इतिहासात आहे. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा पडले, स्पेनमधले शेवटचे मुस्लिम राज्य संपले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला कोलंबस पालोस बंदरातून निघाला आणि १२ ऑक्टोबरला एका बेटावर उतरला. किनाऱ्यावर ताइनो लोक उभे होते, त्या भूमीचे आदिवासी. पुढच्या काही दशकांत गुलामी, उपासमार आणि रोगराईने ते जवळजवळ संपले. कवितेत मानवतेचा झेंडा मिरवणे आणि खंडामागून खंड जिंकणे एकाच दमात येते. आमच्यापुढे बसलेली मुले जहाजात नव्हती, किनाऱ्यावर होती. ग्रॅनडाची आठवण ठेवणारे आम्हीही काही अंशी तिथेच.

मग ही कविता टाकून द्यावी का? आम्हाला तसे वाटत नाही. कुसुमाग्रजांनी ती इंग्रजी अमलात लिहिली. गुलाम देशातल्या कवीला आपल्या लोकांच्या तोंडी न हरणारी भाषा घालायची होती, त्यासाठी त्याने कोलंबसाचा मुखवटा घेतला. तो मुखवटा जिंकणाऱ्याच्या तोंडावर असला तर गर्व उन्माद होतो, आणि दबलेल्याच्या तोंडावर आला तर तोच गर्व स्वाभिमान होतो. ओळी त्याच राहतात, म्हणणारा बदलतो.

म्हणून आम्ही त्या मुलीला सांगितले, आता शेवटचे कडवे तू म्हण. ती उभी राहिली आणि खिडकीबाहेरच्या डोंगराकडे तोंड करून तिने ते म्हटले. तिच्यापुढे समुद्र नव्हता. सावकार, ठेकेदार, आटलेली विहीर, शाळा सोडायला लावणारी गरिबी यांपैकी काय होते, ते तिचे तिला ठाऊक. ज्याला ती हद्द दाखवत होती तो नक्कीच कुणी लहानसहान नव्हता. कवितेतल्या समुद्राचा अर्थ आम्ही वर्गात पुष्कळ वेळा फळ्यावर लिहिला आहे. त्या दिवशी फळा कोरा ठेवला.