रूळ नसलेल्या गावातून

मुलचेऱ्यात लोहमार्ग नाही. साग-बांबूच्या वनातून आष्टी, गोंडपिपरी मागे टाकून बल्लारशाहला यावे, तेव्हा आगगाडी दिसते. अशा गावातून पितळी आगगाड्यांच्या छंदावर लिहावे, हे नवलाचे वाटेल. परंतु आपल्या व्यापारी घराण्यांना पितळेची पारख असतेच. येथे मात्र तराजू निरुपयोगी ठरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी आणि पुढे कोरियन कारागिरांनी पितळी पत्रा कापून, डाख लावून १:८७ प्रमाणातील वीतभर इंजिने मोजक्याच संख्येने घडविली. विदर्भाने हे कौशल्य न्याहाळावे, कारण नागपूर-नागभीड ही ७६२ मिलिमीटर रुळांची छोटी गाडी २०१९ मध्ये थांबली. तिच्या जातीची खरी इंजिने नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात पाहावीत. लघुरेल्वेचे नगर पाहायचे तर पुण्यात कोथरूडला, भाऊ जोशींनी उभारलेल्या संग्रहालयात जावे.

परिग्रहाचे काय, असे कुणी विचारील. गाड्यांची संख्या आरंभीच ठरवावी, हे माझे उत्तर. खरी चिंता पुढची आहे: अजाण वारस हे पितळ मोडीत घालतात आणि किलोचा भाव घेतात. म्हणून मूळ खोके व पावती जपावी, प्रत्येक इंजिनाचे नाव, घडविणारा आणि किंमत वहीत लिहावी आणि ती वही मुलांना आताच दाखवावी.