मळ आणि पोलाद

पूर्णा जंक्शनच्या रुळांकडेला लहानपणी आम्ही काळे, सच्छिद्र खडे वेचीत असू. वाफेच्या इंजिनांनी टाकलेले ते कोळशाचे खंगर; आमच्या लेखी मात्र ‘लोखंडाची घाण’. पुढे संतकाव्य शिकवताना भट्टीचे रूपक निघाले की ते खडे हटकून आठवत. आग मळ जाळते, शुद्ध तेवढे उरते, हे मी वर्षानुवर्षे निःशंकपणे सांगत आलो.

जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात लागलेल्या जुन्या विद्यार्थ्याने ते एका वाक्यात मोडून काढले. “सर, मळ जळत नाही; वितळतो, आणि धातूत किती कर्ब राहायचा त्यात त्याचाही हात असतो.”

शुद्ध लोखंड मऊ असते. थोडा कर्ब मुरला की पोलाद होते. वितळलेल्या मळीत लोखंडाचे ऑक्साइड पुष्कळ असेल, तर त्यातला प्राणवायू धातूतल्या कर्बाला ओढून घेतो आणि वायूचे बुडबुडे उसळतात. मळी चुनाबहुल असेल व ते ऑक्साइड तिच्यात जवळजवळ नसेल, तर ती स्वतःच कर्ब कार्बाइडच्या रूपात विरघळवून घेते. चुना वाढला की ही क्षमता वाढते, सिलिका वाढली की घटते. अशी गार मळी पाण्यात टाकली की ॲसिटिलीनचा वास सुटतो, असे तो म्हणाला. म्हणजे जत्रेतल्या कार्बाइडच्या दिव्यांचा वास! इतके दिवस तो मी केवळ स्मरणरंजनाच्या खात्यात जमा केला होता.

पूर्णेहून नांदेड, बासर करीत गाडी निझामाबादला जाते. त्या जिल्ह्यातले कोनसमुद्रम आणि आमचा मुलूख 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथले वुट्झ पोलाद न्यायला इराणी व्यापारी येत. साध्या भट्टीतली मळी लोह-ऑक्साइडने भरलेली, म्हणून लोखंड बहुधा मऊच निघे. वुट्झ मात्र मातीच्या बंद मुशीत वितळे. वर काचेसारखी मळी, तिच्यात ते ऑक्साइड थोडे. त्यामुळे सुमारे 1.5 टक्का कर्ब धातूत टिके. तलवारीच्या पात्यावरच्या लहरी त्याच कर्बाच्या.

खरे तर मला आयुर्वेदातला ‘मंडूर’ आधीच आठवायला हवा होता. मंडूर म्हणजे लोखंडाची कीट. शंभर वर्षे जुनी असेल ती उत्तम मानतात आणि पांडुरोगावर देतात. भट्टीने फेकलेल्यात लोखंड उरते, हे वैद्यांना ठाऊक होते. मराठीच्या प्राध्यापकाला नव्हते.

यंदा ते रूपक आले तेव्हा आधी फळ्यावर मूस काढली. चुना, वाळू, कर्ब असे करता करता तास संपला, अभंग राहिलाच.