किल्ली किती द्यायची?

उर्दू-मराठी शब्दसंग्रहाची माझी छोटी साइट भाड्याच्या सर्व्हरवर चालते. तिथे कूलिफाय हा ओपन सोर्स प्लॅटफॉर्म बसवला आहे. तो गिटहबवरचा कोड घेतो आणि साइट उभी करतो. त्यासाठी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं सगळं दप्तर, त्याला जोडून द्यावी लागते. जोडताना नेमका कोणता हक्क द्यायचा, हा खरा प्रश्न.

भाचा म्हणाला, "मामू, टोकन बनवून टाका. दोन मिनिटांचं काम."

जुन्या पद्धतीच्या ॲक्सेस टोकनला 'रेपो' हा अधिकार दिला, की खात्यातल्या सगळ्या खासगी रिपॉझिटऱ्या वाचता येतात आणि बदलताही येतात. माझ्या त्याच खात्यात मुलांचे निबंध आहेत. कुणी घरातलं भांडण लिहिलंय, कुणी अब्बूंचं आजारपण. ती माझ्याकडची अमानत आहे. शब्दसंग्रहासाठी ते दप्तर उघडायचं कारणच नाही.

आपल्या कचेरीच्या मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत. टोकन हे कुलमुखत्यारपत्र झालं. मला हवं होतं एका कामापुरतं मुखत्यारपत्र. गिटहबवर त्याला डिप्लॉय की म्हणतात. किल्ल्यांची जोडी तयार करायची. खासगी किल्ली कूलिफायकडे ठेवायची, सार्वजनिक किल्ली त्या एका रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये टाकायची. लिहिण्याच्या परवानगीवर खूण केली नाही, तर तिने फक्त वाचता येतं. तीच किल्ली दुसऱ्या रिपॉझिटरीला लावू गेलं, तर गिटहब नाकारतं.

यात एक काम वाढतं. कोड बदलल्याची वर्दी सर्व्हरला मिळावी म्हणून वेबहुक वेगळा लावावा लागतो. दोन्हीकडे एकच गुप्त शब्द भरला, की गिटहबच्या निरोपासोबत सही येते आणि खोटा निरोप ओळखता येतो.

"पण सर्व्हर तर तुमचाच आहे, भीती कुणाची?" भाच्यानं विचारलं.

सर्व्हर माझा असला तरी तो चोवीस तास इंटरनेटवर आहे. उद्या कुणी आत शिरलंच, तर त्याच्या हाती काय लागेल, एवढं मला आज ठरवता येतं. शब्दसंग्रह लागला तर लागो, तो तसाही सर्वांसाठी आहे. निबंध लागता कामा नयेत.

हे त्याला पटलं. मग त्यानंच तिसरा रस्ता दाखवला. साइट्स वाढल्या, तर गिटहब ॲप सोयीचं. वेबहुकची व्यवस्था त्यातच होते. मात्र ते बसवताना गिटहब विचारतं, सगळ्या रिपॉझिटऱ्या की निवडलेल्या? तिथे घाईत 'सगळ्या' निवडू नये.

तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्येही एकदा डोकावा. जुनी टोकनं आणि ॲप्स तिथे दिसतील. ज्यांचं काम संपलंय, त्यांची इजाजत काढून घ्या.