कोनाड्यातलं घड्याळ

आमच्या रेवसच्या घरात कोनाडा होता, त्यात देव नव्हते. घड्याळ होतं आणि लाँचच्या वेळा लिहिलेला पुठ्ठा. अण्णा, गणपतीत तुम्ही गावभर जायचात, मोदक आवडीनं खायचात, हात मात्र जोडायचा नाहीत. कुणी बोलत नसे. मास्तरांचं तसंच असतं, म्हणायचे.

तुमचा देव गेला तो १७ जुलै १९४७ ला. दिव्याची अवस. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळ्याचा उधाणलेला दर्या, गच्च भरलेली बोट. काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेवर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. पोहून काठाला लागलेल्यांच्या तोंडून मुंबईला कळलं. आजोबा त्याच बोटीवर होते. तुमची आई, बय, चिंच लावून समया घासत होती, एवढंच तुम्ही सांगायचात. प्रेत मिळालं नाही. पुतळा करून त्याला अग्नी द्या, असं वडीलधारे म्हणाले. शाळकरी पोर तुम्ही. गवताच्या बाहुल्याला बाप म्हणणार नाही म्हणालात. तिथून पुढे देवाधर्मातल्या कशालाच तुम्ही हो म्हटलं नाही.

तो नकार मला वाढत्या वयात कळत गेला आणि पटतही गेला. खोटं बोलून शांत व्हायचं नाही, हा तुमचा खरा संस्कार. पण तुम्ही गेलात तेव्हा तो अंगावर आला. देहदानाचा कागद तुम्ही आधीच करून ठेवला होता. गाडी आली, तुम्हाला घेऊन गेली. दहावा नाही, तेरावा नाही. माणसं येत, ओट्यावर टेकत, “सुटले बिचारे” म्हणून उठत. कावळ्याची वाट बघत ताटकळणारे लोक मी लहानपणापासून हसण्यावारी नेले होते. त्या आठवड्यात मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना निदान कुठं उभं राहायचं ते ठाऊक होतं.

तुमच्या कपाटात विठ्ठल रामजी शिंद्यांचं ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ होतं. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. हा माणूस धर्मोपदेशक होता, हे मात्र तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. जमखंडीच्या वारकरी घरातला मुलगा. फर्ग्युसन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचून अज्ञेयवादी झाला. तुमच्यासारखाच. फरक पुढे पडला. प्रार्थना समाजात त्याला पुन्हा बसायला जागा सापडली आणि युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर तो १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला. युनिटेरियन म्हणजे त्रैक्य न मानणारे ख्रिस्ती. येशूला माणूस म्हणणारे, पोथीपेक्षा सदसद्विवेकाला मोठं मानणारे. दोन वर्षांनी परत आल्यावर शिंदे मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी निराश्रित साह्यकारी मंडळी उभी केली. तुम्ही खुणा केल्या त्या या कामाच्या. त्यामागची प्रार्थना तुम्ही वगळलीत.

मला ओढ लागली ती ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या एका गुरूची. एस्टलिन कार्पेंटर. त्यांचे आजोबा लँट कार्पेंटर ब्रिस्टलचे युनिटेरियन धर्मोपदेशक. १८३३ साली राजा राममोहन रॉय ब्रिस्टलजवळ वारले, तेव्हा त्यांच्यावरचं मृत्युप्रवचन लँट यांनी केलं होतं. आणि राममोहनांना पुरलं ते एका बागेत, कुठलाही विधी न करता. ना हिंदू मंत्र, ना ख्रिस्ती प्रार्थना. माणसं जमली, काही न बोलता उभी राहिली. अण्णा, हे वाचलं आणि मी पहिल्यांदा तुमच्यासाठी रडलो. विधी नव्हता, पण माणसं होती! आपल्याकडे विधीबरोबर आपण माणसांनाही निरोप दिला होता.

गिरगावात प्रार्थना समाज नावाचा बसथांबा आहे. कितीतरी मुंबईकर तिथं उतरतात आणि समाज काय होता हे न विचारता चालू लागतात, मीही त्यांतलाच. १८६७ मध्ये आत्माराम पांडुरंगांनी सुरू केलेल्या, रानडे-भांडारकरांनी वाढवलेल्या त्या समाजाच्या मंदिरात एका रविवारी मी आत गेलो. मूर्ती नाही. अवताराचं नाव नाही. दाराजवळच्या वृद्ध गृहस्थांना म्हटलं, “मी देव मानत नाही, बसलो तर चालेल?”

“बसा की. पंख्याखाली बसा,” ते म्हणाले.

तुकोबांचा अभंग झाला, मग प्रार्थना. तीतला ‘परमेश्वर’ शब्द माझ्या घशाशी अडकला, अजूनही अडकतो. पण शेजारचे डोळे मिटून बसले होते आणि मी उघडे ठेवून बसलो, याचं कुणाला काही वाटलं नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. शिकल्यासवरल्यांचं भजन! जोतीरावांनीही या समाजावर कोरडे ओढले होते, आणि ते वावगे नव्हते: इथं मूर्ती सुटली तितक्या सहज जात सुटली नाही. शिंद्यांनाही तो अनुभव पुरेपूर आला. माणसंही थोडी, बहुतेक पिकल्या केसांची. घर म्हणावं तर डागडुजीला आलेलं. तरी मी जातो. खोटं न बोलता चार माणसांत दुःख करता येईल अशी दुसरी जागा मला आपल्या मुलखात सापडलेली नाही.

परवा उपासनेनंतर दोन शब्द बोला म्हणाले. मी आजोबांचं नाव घेतलं, तुमचं घेतलं, ‘रामदास’चं सांगितलं. नंतर एक आजी काठी टेकत आल्या. त्यांचे मामा त्याच बोटीवर होते, गिरणीतून रजा घेऊन गटारीला गावी निघालेले. मामांना शिट्टी फार सुंदर वाजवता यायची, म्हणाल्या. आजोबांना काय यायचं, असं त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही, अण्णा. तुम्ही कधी बोललाच नाहीत. आता रेवसला बयच्या वेळचं कोण उरलंय ते विचारत फिरतोय.