कासव खंगू लागले तर

आपल्याकडे स्टार कासव पाळणे कायद्याने गुन्हा आहे. परंतु इंग्लंडातल्या नातवंडांकडे भूमध्यसागरी प्रदेशातले कासव असते आणि दिवसभर त्याची देखभाल आपल्याकडे येते. ते सुस्त व हलके भासले, तर बळेच भरवू नये. त्याचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. गारठ्यात पोटातले अन्न तसेच कुजते. प्रथम दिव्याखाली सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान आहे ना, हे पाहावे. अतिनील दिवा उजेड देत असूनही निकामी झालेला असू शकतो! रोज हनुवटीखाली राहील इतक्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बसवावे, आठवड्याला वजन करावे. ते घटतच राहिले, तर पशुवैद्य गाठावा. तेथे माझे एमबीबीएस कामाचे नाही. माझा अधिकार आपल्या हातांपुरता. कासवाकडून साल्मोनेलाची लागण होते, उतारवयात ती जिवावर बेतू शकते. हात साबणाने धुवावेत. त्याचे भांडे स्वयंपाकघरात मात्र धुऊ नये.