पाच जणींची गोधडी

आमच्या घरात कापड फेकून देण्याची पद्धत नाही. इचलकरंजी हे मागांचे गाव. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग सुरू झाला, असे गावातले जुने लोक अभिमानाने सांगतात. माझ्या अब्बांनी तीस वर्षे मागावर काम केले. वारभर कापड विणायला धोट्याला किती वेळा इकडून तिकडे धावावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून कापडाचा तुकडा केरात दिसला, की त्यांना वाईट वाटे. नवी साडी आधी लग्नकार्यात नेसली जाई, मग घरात. ती विरली, की तिचे लहान मुलींसाठी परकर होत. परकर फाटले, की ते कापड नानींच्या गाठोड्यात जाई आणि त्या गाठोड्यातून एक दिवस गोधडी बाहेर पडे. गोधडीही झिजली, म्हणजे तिचे पायपुसणे होई. आमच्या घरी कापडाला असे दीर्घ आयुष्य लाभे.

गोधडीला तुम्ही घरी गुदडी म्हणत असाल. आमच्या कोल्हापूर भागात तिला वाकळ असेही म्हणतात. तान्ह्या बाळासाठी केलेली लहान, मऊ गोधडी म्हणजे दुपटे. रजई मात्र निराळी. रजईत कापूस भरतात. त्यासाठी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा लागतो आणि पैसे मोजावे लागतात. गोधडीला जुने कापड, सुई, दोरा आणि सवड एवढेच पुरे. दोराही आम्ही विकत आणत नसू. मागावर उरलेले सूत अब्बा घरी आणत. त्याचे चार पदर एकत्र पिळले, की चांगला मजबूत दोरा तयार होई.

नानींनी मला गोधडी शिकवली, तेव्हा मी सातवीत होते. आधी एक मोठी सुती साडी जमिनीवर अंथरायची. कोपऱ्यांवर वजन ठेवून ती ताणून घ्यायची. जुन्या कपड्यांच्या गुंड्या आणि जाड शिवणी काढून ते कापड तिच्यावर पसरायचे. कोठेही सुरकुती राहता कामा नये. असे दोन-तीन थर झाले, की वरून दुसरी साडी घालायची. मग कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करायची. एक फेरी पुरी झाली, की बोटभर अंतर सोडून तिच्या आत दुसरी फेरी. असे करत करत मधोमध पोचायचे. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पातळ, विरलेल्या कापडाची गोधडीही इतकी उबदार असते.

नानी नेहमी सांगत, "गोधडी कोणासाठी करायची, ते आधी ठरव. मग कापड निवड." हा त्यांचा पहिला धडा. आपाच्या बाळाचे दुपटे केले, तेव्हा मी अम्मीची सर्वांत जुनी ओढणी वापरली. कारण नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते. अब्बांच्या गोधडीत त्यांच्याच लुंग्या आहेत. धाकटी बहीण लग्न होऊन मिरजेला गेली, तेव्हा तिच्या गोधडीत मी आम्हा दोघींच्या शाळेच्या गणवेशाचे निळे तुकडे लावले. तिची मुलगी आता झोपताना त्या तुकड्यावर बोट ठेवून विचारते, "हा कोणाचा?" मग बहिणीला रोज शाळेची एक तरी गोष्ट सांगावी लागते.

मी कोल्हापूरला बी.एड. करत होते, तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत आणखी दोघी होत्या. एक कऱ्हाडची, दुसरी कर्नाटकातील हल्याळची. थंडीच्या पहिल्या रात्री तिघींनी आपापली अंथरुणे उघडली आणि आम्ही हसू लागलो. तिघींच्याही ट्रंकेतून गोधडीच निघाली होती! पण तिन्हींची तऱ्हा वेगळी. कऱ्हाडच्या मैत्रिणीच्या वाकळेवर अखंड इरकली लुगडे होते. त्याचे काठ आणि पदर जसेच्या तसे दिसत होते. हल्याळची मैत्रीण सिद्दी समाजातली. या समाजाचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत हे लोक राहतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. ते आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. लाल, पिवळ्या, हिरव्या तुकड्यांनी ती नुसती फुलून आलेली असते. कुणाच्या कवंदीवर चंद्रकोर दिसते, तर कुणाच्या कवंदीवर क्रूस. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. त्यांना फुला म्हणतात. फुला नसली, तर कवंदी उघडी वाटते, असे तिकडच्या बायका म्हणतात.

बी.एड. झाले आणि आम्ही तिघी तीन गावच्या शाळांत शिकवू लागलो. पण एक रिवाज आम्ही ठरवून टाकला. दरवर्षी एकीच्या घरी चार दिवस जमायचे आणि तिच्या घरची एक गोधडी पुरी करून द्यायची. कऱ्हाडला आणि हल्याळला जाऊन झाले. नंतर आमच्या घरची पाळी आली, आणि त्याच वर्षी नानींची नजर गेली.

नानींना काचबिंदू झाला होता. उर्दूत त्याला काला मोतिया म्हणतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन केले, की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. त्याने गेलेली नजर परत येत नाही. रोज औषधाचे थेंब घालून उरलेली तेवढी जपता येते. डॉक्टरांनी हे सांगितले, तेव्हा नानींनी एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?" त्यांना माझ्या धाकट्या भावाची गोधडी पुरी करायची होती. तो पुण्याला एका कारखान्यात लागला होता आणि चौघांबरोबर एका खोलीत राहत होता. नानी उन्हात बसून शिवू लागल्या. हळूहळू टाके लांब होत गेले, ओळी तिरप्या जाऊ लागल्या. एके दिवशी सुईत दोरा ओवायला त्यांना अर्धा तास लागला. त्यांनी गोधडीची घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि म्हणाल्या, "आता माझ्याकडून होणार नाही. त्याला बाजारातून ब्लँकेट आणून द्या." त्यानंतर त्या सुईला शिवल्या नाहीत. दिवसभर भिंतीला टेकून गप्प बसत. त्यांचे न दिसणे आम्हाला हळूहळू सवयीचे झाले. पण त्यांचे हे गप्प बसणे घरात कुणालाच सहन होत नव्हते.

दिवाळीच्या सुटीत मैत्रिणी आल्या. कऱ्हाडच्या मैत्रिणीने घरचा फराळ आणला होता. हल्याळच्या मैत्रिणीने चार दिवसांची रजा काढली होती आणि येताना रंगीत चिंध्यांची मोठी पिशवी आणली होती. अम्मीने ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी आणि गुऱ्हाळावरची ताजी काकवी असा बेत केला. जेवणे झाल्यावर मी ट्रंक उघडली आणि ती अर्धी गोधडी बाहेरच्या खोलीत पसरली.

कऱ्हाडच्या मैत्रिणीने नानींच्या शेवटच्या ओळींवरून हात फिरवला. ती हलक्या आवाजात मला म्हणाली, "हे टाके फार लांब आहेत गं. पायाच्या बोटात अडकतील. पहिल्याच धुण्यात दोरा तुटेल. एवढ्या ओळी उसवून नव्याने घालू या." तिचे म्हणणे खोटे नव्हते. गोधडी भिजली, की किती जड होते, हे नदीवर गोधड्या धुणाऱ्या कोणालाही विचारा. कच्चा टाका ते वजन पेलत नाही. पण उसवायचे म्हणजे नानींचे शेवटचे काम पुसून टाकायचे! मला काही बोलवेना.

नानींचे कान मात्र तिखट होते. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "उसव बेटी. वाईट काम ठेवू नये."

तेव्हा हल्याळची मैत्रीण म्हणाली, "नानी, आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांचे टाके कोणी उसवत नाही. दोन ओळींच्या मध्ये आपली एक ओळ घालायची. बारीक आणि घट्ट. मग ती लांब टाक्यालाही धरून ठेवते."

कऱ्हाडची मैत्रीण थोडा वेळ विचारात पडली. तिने बोटांनी अंतर मोजले. "बसेल," ती म्हणाली, "दोन ओळींत जागा आहे." आणि तिनेच पहिली सुई घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट केली. सकाळी चहा होण्याआधी तिने बारा सुयांत दोरा ओवला, त्या उशीवर ओळीने टोचल्या आणि उशी नानींच्या मांडीवर ठेवली. "नानी, दोरा ओवायचे काम आमचे. शिवायचे तुमचे." नानी नको नको म्हणत होत्या. मग त्यांनी अंगुस्तान मागितले. मी आधीच्या फेरीवर त्यांचे डावे बोट ठेवले. टाक्यांची ती उंचवटलेली रेघ बोटाला लागत होती. त्या रेघेच्या कडेकडेने नानींची सुई चालू लागली. ओळ थोडी वाकडी जात होती, पण वाट सोडत नव्हती. अम्मीने स्वयंपाक अर्धवट टाकला आणि तीही येऊन बसली. त्या दिवशी जेवायला तीन वाजले.

शिवताना गप्पा रंगल्या. बंगालमध्ये अशा गोधडीला कांथा म्हणतात, बिहारमध्ये सुजनी, तर सिंध आणि कच्छमध्ये रल्ली. बंगाली कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली नक्षीदार कांथ्यावर एक दीर्घ काव्यच लिहिले. त्यातील नायिका आपल्या दुःखाची सारी कहाणी कांथ्यावर टाक्यांनी काढते. आपल्याकडे गाडगेबाबा अंगावर ठिगळांचे वस्त्र घालत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. उर्दूत 'गुदडी का लाल' म्हणतात, तेव्हा गरीब घरात जन्मलेल्या गुणी माणसाचे कौतुक असते. मराठीत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे म्हणतात, आणि उर्दूत तेच चादरीबद्दल म्हणतात. नानी हसून म्हणाल्या, "पाय मोठे झाले, तर गोधडीला एक पट्टी जोडावी. त्याला काय लागते?" कितीतरी दिवसांनी त्या हसल्या होत्या.

चौथ्या दिवशी गोधडी पुरी झाली. हल्याळच्या मैत्रिणीने चारही कोपऱ्यांवर रंगीत फुला लावल्या. मधला शेवटचा टाका नानींनी घातला आणि दोरा स्वतः तोडला. आता त्या गोधडीत पाच जणींच्या ओळी आहेत. अम्मीची ओळ सैल, माझी मध्यम, कऱ्हाडची दाट, हल्याळची रंगीत दोऱ्याची. नानींची ओळ शोधावी लागत नाही.

मैत्रिणींना एस.टी.त बसवून आले, तेव्हा नानी गाठोडे सोडून बसल्या होत्या. एकेक कापड हाताने चाचपून त्या सुती वेगळे काढत होत्या. पुढची गोधडी कोणासाठी, हे त्यांनी अजून ठरवले नव्हते.

डिसेंबरात भावाने पुण्याहून फोन केला. तो म्हणाला, "नानी, रात्री दिवा बंद केल्यावरसुद्धा तुमची ओळ बोटाला बरोबर सापडते."

नानी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धुतल्यावर पिळू नकोस. जोडीला एखाद्या मित्राला घे आणि दोघांनी धरून वाळत घाल. ओली गोधडी एकट्याला उचलत नाही."